कठड्यावरून खाली या

बंगळुरूत स्ट्रीट फोटोग्राफी शिकवणाऱ्या सगळ्यांनी वर्षभर एक पथ्य पाळावं. के. आर. मार्केटच्या वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांना नेऊ नये.

तिथून काढलेला फोटो तुम्ही पाहिलेला आहे. खाली झेंडूचे आणि शेवंतीचे ढीग, त्यांच्यामधून वाट काढणारे पाटीवाले आणि वरून थेट खाली रोखलेला कॅमेरा. कॅलेंडरवर पाहिलाय, हॉटेलाच्या भिंतीवर पाहिलाय, ओळखीतल्या कुणाच्या तरी इन्स्टाग्रामवर तर पाहिलाच आहे. फोटो वाईट नसतो. रंग झगझगीत असतात, रचना आपसूक जमते. माझी तक्रार त्या आपसूकपणाबद्दलच आहे. वरून माणसाचं डोकं दिसतं, चेहरा दिसत नाही. त्याला तर आपण मुळीच दिसत नाही. नजरेला नजर भिडत नाही, कुणी हात आडवा धरून नको म्हणत नाही, कुणी ‘कशाला काढताय?’ विचारत नाही. रस्त्यावर फोटो काढण्यातलं जे जे अवघड, ते सगळं त्या कठड्यानं आधीच टाळून दिलेलं असतं. मग पैसे भरून आलेल्यानं शिकायचं काय?

खाली उतरल्यावर तरी वेगळं काय होतं? रविवारच्या पहाटे पंधरा-वीस जणांचा जथा फुलबाजारात शिरतो आणि त्यातले निम्मे कॅमेरे एकाच फुलवालीसमोर थांबतात. ती अबोलीची माळ मोळावर मोजत असते. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी. इथे माळा अशाच विकल्या जातात. पलीकडे गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं आणि मध्ये लेन्सांची भिंत. तिला त्या घटकेला धंदा करायचा आहे. सणाची पहाट असेल तर अख्ख्या आठवड्याची कमाई त्या दोन तासांत आहे. आपण मात्र तिला मान जरा इकडे वळवायला सांगतो. पंधरा जणांनी एकत्र हिंडणं म्हणजे मिरवणूक, आणि मिरवणुकीला रस्ता दिसत नाही. तिघांहून जास्त जणांना एकत्र सोडणाऱ्या शिक्षकानं आधी स्वतः त्या फुलवालीच्या जागी तासभर बसून पाहावं.

कार्यशाळा नकोतच, असं माझं म्हणणं नाही. हव्यात, आणि आहेत त्याहून कितीतरी मोठ्या मुदतीच्या हव्यात.

कारण कॅमेरा चालवायला गुरू लागतच नाही. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर पस्तीस मिलिमीटरची लेन्स लावा, अॅपर्चर एफ/८ ठेवा, फोकस तीन मीटरवर बांधून टाका. साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत जे येईल ते पुरेसं स्पष्ट उमटतं. मग फोकस जुळवत बसायचं कारण उरत नाही, डोळे रस्त्यावर ठेवता येतात. हे एका दुपारी समजतं. उजेडाचंही तसंच. बंगळुरू तेरा अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा, २४ एप्रिलच्या आणि १८ ऑगस्टच्या सुमारास, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्या आठवड्यांत दुपारी चेहरा टिपायला जाल तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे मिळतील. बाजारात निळ्या ताडपत्रीखाली पिवळा झेंडू हिरवट दिसतो, तेही आठ-दहा फोटो वाया गेले की ध्यानात येतं. असल्या गोष्टी शिकवण्यासाठी माणसाला फी देण्याची गरज नाही.

गुरू लागतो तो फोटो काढून झाल्यावर.

फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँकचं उदाहरण या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यातला आकडा कुणी मनावर घेत नाही. १९५५ आणि १९५६ या वर्षांत गुगनहाइम शिष्यवृत्तीवर त्यानं अमेरिका पालथी घातली, साडेसातशेहून जास्त रोल वापरले, सत्तावीस हजारांच्या आसपास फ्रेम काढल्या. १९५८ मध्ये पॅरिसमध्ये ‘द अमेरिकन्स’ची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा पुस्तकात फोटो होते ८३. बाकीचे सगळे त्यानं स्वतःच्या हातानं बाजूला काढले होते. याच्या उलट टोकाला गॅरी विनोग्रँड. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्याच्याइतकं क्वचितच कुणी फोटो काढत हिंडलं असेल. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा मागे सुमारे अडीच हजार रोल असे राहिले की जे धुतलेसुद्धा नव्हते. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे मग दुसऱ्यांनी ठरवलं. आज फोनवर मेमरी कार्डाचीही अडचण नाही, त्यामुळे प्रत्येक हौशी माणूस विनोग्रँडच्या वाटेनं चाललाय, त्याच्या नजरेशिवाय.

स्वतःच्या फोटोला नकार देणं एकट्याला जमत नाही. ज्या फोटोसाठी आपण पहाटे तीनला उठलो, पावसात भिजलो, तो आपल्याला चांगलाच वाटणार. पाहणाऱ्याला त्या पावसाशी काही देणंघेणं नसतं. गुरूचं काम इथे सुरू होतं. टेबलावर प्रिंट मांडायचे, साधे, पोस्टकार्डाएवढे. फोनवर नव्हे, कारण फोनवर एका वेळी एकच फोटो दिसतो आणि प्रत्येकाला बोटाच्या एका फटकाऱ्यात पुढचा हवा असतो. टेबलावर चाळीस फोटो एकमेकांकडे बघत पडलेले असतात. त्यातले सहा फोटो एकच गोष्ट सांगताहेत हे तेव्हा कळतं. सर्वांत देखणा फोटो मधे ठेवला की बाकीचे चार मुके होतात, तेही तेव्हाच दिसतं. मग गुरू तो देखणा फोटो उचलतो. विद्यार्थी रडकुंडीला येतो. ते होऊ द्यावं. जिथे सगळ्यांच्या सगळ्या फोटोंना ‘मस्त’ म्हटलं जातं, तिथली फी परत मागावी.

जगात ही विद्या अशीच चालत आली आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँला रचना शिकवली ती आंद्रे लोत या चित्रकारानं, १९२७ च्या सुमारास, पॅरिसमधल्या आपल्या स्टुडिओत. त्यात कॅमेऱ्याचा संबंधही नव्हता. डायन आर्बसला स्वतःचा विषय सापडला तो लिझेट मॉडेलच्या वर्गात. आणि न्यूयॉर्कच्या ‘फोटो लीग’ या संघटनेनं तर १९३६ पासून पंधरा वर्षं सामान्य कामगार घरांतल्या पोरांना हाताशी धरून वस्त्यांचे दस्तऐवज घडवले. ॲरन सिस्किंडच्या देखरेखीखाली तिथल्या एका गटानं ‘हार्लेम डॉक्युमेंट’ केलं, त्याला काही वर्षं लागली. एकच वस्ती, तेच लोक, पुन्हा पुन्हा. पुढे सरकारनं लीगला कम्युनिस्ट ठरवून काळ्या यादीत टाकलं आणि १९५१ मध्ये ती बंद पडली. गरीब वस्तीकडे इतका वेळ टक लावून पाहणं सत्तेला खुपलं होतं.

आता बंगळुरूत हे कसं व्हावं? मी फुलांपासूनच सुरुवात करीन, पण जमिनीवर उभं राहून.

समजा एखादी विद्यार्थिनी के. आर. मार्केटमधल्या एकाच मोगरेवालीकडे जात राहिली. पहिल्या दोन-तीन खेपांना कॅमेरा पिशवीतच. मोगरा येतो कुठून, माळा ओवतं कोण, उरलेल्या फुलांचं दुपारी काय होतं, एवढं विचारलं तरी धागे सुटायला लागतात. बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर तिगळरपेटेत धर्मराय स्वामींचं देऊळ आहे. तिथे चैत्र पौर्णिमेच्या मध्यरात्री बंगळुरूचा करग निघतो. द्रौपदीची शक्ती धारण केलेला पुजारी स्त्रीवेषात, डोक्यावर मोगऱ्यानं पूर्ण मढवलेला करग म्हणजे कलश तोलत, जुन्या पेठांतून रात्रभर फिरतो. त्याच्या भोवती तलवारी घेतलेले वीरकुमार असतात. वाटेत हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्याला करग भेट देतो. हा उत्सव तिगळ समाजाचा. आणि तिगळ कोण, तर पिढ्यान्‌पिढ्या बागायती करणारे, बंगळुरूच्या बागा-मळ्यांत राबलेले लोक. म्हणजे मोगऱ्याच्या टोपलीपासून निघालेला धागा शहराच्या सर्वांत मोठ्या रात्रीपर्यंत जातो. मधे मळे गेले, त्यावर घरं उठली, फुलं आता लांबून येतात. ही सगळी कथा त्या टोपलीत आहे, आणि कथा म्हणजे मी हेच समजतो.

करगाच्या रात्री मात्र काय दिसतं? देवळाच्या दारासमोर कॅमेऱ्यांचं रान. सगळ्यांना तोच एक क्षण हवा असतो, पुजारी बाहेर पडतानाचा. गर्दीत एकमेकांच्या कोपरांचेच फोटो जास्त येतात. त्याआधीच्या दिवसांत तिथे कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर पसरलेला मोगरा झाडणारी पालिकेची सफाई कामगार बाई कुणाच्याच फोटोत नसते. बसवनगुडीच्या कडलेकाई परिषेचं म्हणजे शेंगांच्या जत्रेचंही तेच. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळाच्या रस्त्यावर शेंगांचे डोंगर लागतात आणि त्यांच्याइतकेच फोटोवाले. शेंगा घेऊन आलेला शेतकरी फुटपाथवर रात्र कशी काढतो, उरलेला माल कोणत्या भावात फुंकून टाकतो, हे पाहायला जत्रा उठेपर्यंत थांबावं लागतं. गुरूनं थांबायला लावावं. कार्यशाळेची तारीखच जत्रेनंतरची ठेवावी.

मग परवानगीचा प्रश्न येतो, आणि या शहरात तो फार ताजा आहे. २०२५ च्या मे महिन्यात नम्म मेट्रोतल्या महिला प्रवाशांचे नकळत काढलेले फोटो-व्हिडिओ एका इन्स्टाग्राम खात्यावर टाकले जात असल्याचं उघड झालं. गुन्हा नोंदला गेला, अटक झाली. जुलैत चर्च स्ट्रीटवर चालणाऱ्या मुलींचे व्हिडिओ त्यांना न विचारता टाकणारा दुसरा एक जण पकडला गेला. त्या खात्यांना फोटोग्राफी म्हणणं हा फोटोग्राफीचा अपमान आहे, हे मला मान्यच आहे. पण समोरच्या बाईनं ते कसं ओळखायचं? तिच्या दृष्टीनं दोन्हीकडे एक अनोळखी पुरुष आणि त्याच्या हातातला कॅमेरा. तिला भीती वाटली तर ती चुकीची नाही. आपण कोण आहोत हे सांगायची जबाबदारी कॅमेरा धरणाऱ्यावर आहे.

सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही, आणि ती असू नये. रस्ता टिपायचा हक्क गेला तर पोलिसाची लाठीही टिपता येणार नाही आणि तुंबलेलं गटारही. पण बंदी नाही एवढ्या बळावर कुणाच्याही तोंडासमोर लेन्स नेणाऱ्यांना मी या शहराच्याच एका नागरिकाची आठवण करून देईन. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, बंगळुरूचे रहिवासी होते. आधारविरुद्ध ते २०१२ मध्ये वयाच्या ऐंशीच्या पुढे असताना सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्याच नावाच्या खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. तो निकाल फोटोंबद्दलचा नाही. तरी माणूस घराबाहेर पडला म्हणून त्याचं सगळंच सार्वजनिक होत नाही, ही जाणीव त्यातून रस्त्यावर यायला हवी, आणि कार्यशाळेत तर पहिल्या दिवशी यायला हवी.

विचारल्यानं क्षण निसटतो, हा युक्तिवाद मी खूप ऐकलाय. निसटू दे. ‘अम्मा, फोटो तेगीला?’ एवढं कानडी दहा मिनिटांत पाठ होतं. उत्तर ‘बेडा’ आलं की कॅमेरा खाली. हसून मान डोलली तर पहिले चार-पाच फोटो पोझचे येतील, त्यानंतर ती आपल्या कामाला लागेल आणि तुम्ही तिथेच असाल. युजीन स्मिथनं १९४८ मध्ये ‘लाइफ’ मासिकासाठी कोलोरॅडोतल्या खेड्यातल्या डॉक्टरवर फोटोनिबंध केला तेव्हा सुरुवातीला कॅमेऱ्यात फिल्मच घातली नव्हती. डॉक्टर सेरियानींना त्याची सवय व्हावी म्हणून तो नुसता कॅमेरा घेऊन मागे मागे फिरत राहिला. त्यानंतर जे उमटलं ते आजही फोटोकथेचा पाठ म्हणून दाखवलं जातं.

आपल्या घरचे गुरू कमी आहेत असंही नाही. म्हैसूरचे टी. एस. सत्यन बंगळुरूत ‘डेक्कन हेराल्ड’मध्ये होते, मग त्यांनी देशभर काम केलं, १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली. लहान मुलांचे, कष्टकऱ्यांचे त्यांचे फोटो पाहा. कुणीही कॅमेऱ्याला बिचकलेलं दिसत नाही, आणि कुणाची कीवही केलेली नाही. कस्तुरबा रोडवरचं मॅप हे कला आणि छायाचित्रणाचं संग्रहालय फेब्रुवारी २०२३ मध्ये उघडलं तेव्हा ज्योती भट्ट यांच्या फोटोंचं प्रदर्शन तिथे होतं. एका चित्रकारानं गावोगावच्या भिंती, रांगोळ्या, गोंदण वर्षानुवर्षं टिपलेलं. के. आर. मार्केटला निघालेल्या प्रत्येक बॅचनं आधी अर्धा दिवस असल्या प्रिंटांसमोर उभं राहावं. महेश शांताराम बंगळुरूचेच. २०१६ मध्ये शहरात एका टांझानियन विद्यार्थिनीवर जमावानं हल्ला केला, त्यानंतर ते इथल्या आणि इतर शहरांतल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या खोल्यांत गेले, बसले, बोलले आणि त्यांची व्यक्तिचित्रं काढली. घटना रस्त्यावरची होती, पण तिची कथा त्यांना भाड्याच्या खोलीत सापडली.

मराठी वाचकाला फोटोग्राफर सुधारक ओलवे माहीत असतील, नसतील तर माहीत करून घ्यावेत. अकोल्याकडचा हा माणूस मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर वर्षानुवर्षं राहिला. गटारात, कचऱ्याच्या गाडीवर, त्यांच्या घरांत. २०१३ मध्ये त्याचं पुस्तक आलं, २०१६ मध्ये पद्मश्री. त्या फोटोंसमोर उभं राहिलं की सुंदर म्हणायला जीभ वळत नाही, नजरही हटत नाही. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर असंच हिंडून काम केलं. दोघांनाही विषय जवळून माहीत होता, भाषा येत होती, आणि घाई नव्हती.

भाषा येत होती, हे मी मुद्दाम म्हणतोय. बंगळुरूतल्या मराठी तरुण-तरुणींना, विशेषतः नोकरीसाठी आलेल्यांना, एक विषय समोर पडलेला दिसत नाही. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. तेव्हाची आणि नंतर आलेली कितीतरी मराठी घरं इथे मुरली. जुन्या पेठांत आणि आसपास भावसार, नामदेव शिंपी समाजाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्या घरातली मराठी कानडीत भिजलेली आहे, पण आहे. सिनेमात जाण्यापूर्वी बंगळुरूच्या बसवर कंडक्टरी करणारा शिवाजीराव गायकवाड इथल्याच एका मराठी घरातला, पुढचा रजनीकांत. या पेठांतल्या घरांची दुकानं, शिलाईयंत्रं, पांडुरंगाचे फोटो, तीन भाषांत चालणारी भांडणं, मेट्रो आल्यावर बदललेला गल्लीचा कारभार, यातलं काय काय टिपलं गेलंय? माझ्या पाहण्यात तरी फार थोडं. आयटी पार्कातून सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन निघालेला मराठी मुलगा चिकपेटेत एखाद्या दुकानात मराठीत हाक मारून शिरू शकतो. बाहेरून आलेल्या कुठल्याही मोठ्या फोटोग्राफरला ही सोय नाही. हा मुलगा मात्र सगळ्यांबरोबर कठड्यावर चढतो.

यावर एक उपाय सुचवतो आणि तो प्रत्यक्ष व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. सहा-आठ जणांचीच कार्यशाळा काढावी. एक पेठ घ्यावी, प्रत्येकाला एक घर किंवा एक दुकान. दर पंधरवड्याला टेबलावर प्रिंट आणि कठोर बोलणं. ज्यांचे फोटो काढले त्यांना पहिला प्रिंट, प्रदर्शनाच्या आधी. आणि त्यांनी नको म्हटलेला फोटो कितीही चांगला असला तरी बाहेर. प्रदर्शन गॅलरीत नेण्याआधी पेठेत लावावं, नाहीतर गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहेच. ओळी कानडीत आणि मराठीत लिहाव्यात. महिना-दोन महिन्यांत हे होणार नाही. कार्तिकात परिषेच्या सुमारास सुरुवात केली तर करगाच्या रात्रीपर्यंत पाच महिने हातात असतात, आणि एखादा जाणता फोटोग्राफर तेवढे महिने द्यायला तयार असेल तर बाकी लागतं ते फक्त एक मोठं टेबल.